हनुवटीकाकूंनी पुसलेला चेहरा

हनुवटीकाकूंना रागवायला कारण फारसं लागत नसे, जागा मात्र लागे. त्यांचं फोटोचं दुकान इतकं अरुंद, की काउंटर, कॅमेऱ्याच्या पेट्या, छपाईचं यंत्र आणि त्या यंत्रामागे बसलेला त्यांचा थोरला भाऊ एवढं मावलं की रागाला कोपराच उरत नसे. म्हणून चिडल्या की त्या आधी पायरी उतरून रस्त्यावर येत, दोन्ही हात कमरेवर ठेवत आणि मग सुरू होत. समोरचा केस कापणारा लगेच कात्री थांबवी. "आल्या बाहेर," तो गिऱ्हाइकाला सांगे. "आता मान हलवू नका, माझं लक्ष तिकडे आहे."

हनुवटी हे काही त्यांचं नाव नव्हे. ते शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. वर्षातून एकदा त्या शाळेत वर्गावर्गाचे फोटो काढायला जात आणि पटांगणात बाकं मांडून झाली की त्यांचं तोंड उघडे ते एकाच शब्दासाठी. "हनुवटी! ए उंच, हनुवटी खाली! मधली रांग, हनुवट्या! तू रे, तुला हनुवटी नाही का? मग आहे ती तरी खाली घे!" पोरं हे इतकं हुबेहूब करत, की डबा खाताना कुणी घास घ्यायला तोंड वर केलं तरी चारही बाजूंनी आवाज येई, "हनुवटीऽऽ!" काकूंना हे ठाऊक होतं. मनातून त्यांना ते आवडतही असावं, कारण एकदा एका पोराची नक्कल ऐकून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "आवाज अजून नाकातून काढ."

लग्न मोडून माहेरी आल्या, तेव्हा दोन दिवस वडिलांच्या दुकानात बसायचं म्हणून बसल्या, त्या बसल्याच. वडील जुन्या काळचे. काचेवरच्या फोटोवर बारीक कुंचल्यानं देवीचे व्रण बुजवत, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या विरळ करत. "गिऱ्हाईक घरी आरशात रोज बघतंच," ते सांगत, "आपल्याकडे कशाला तेच बघायला येईल?" या कामाला घरात 'सफाई' म्हणत. कुंचला गेला, संगणक आला, वडील गेले, पण शब्द राहिला. शाळेचे फोटो आले की काकू दुपारी शटर अर्धं ओढून घेत आणि सफाईला बसत. वाहणारी नाकं पुसायची. मुरुमं उडवायची. शाईचे डाग, खरचटलेलं कपाळ, दातातला पालेभाजीचा तुकडा, सगळं साफ. मिटलेले डोळे उघडायचे. एकदा तर एका पोराला चुकून शेजारच्याचे डोळे बसले. त्याच्या आजीनं फोटो बघितला आणि म्हणाली, "बघा, अगदी आजोबांवर गेलाय," आणि जादा प्रती घेऊन गेली.

त्या वर्षी आठवीचा फोटो त्यांनी साफ केला, तेव्हा त्यांचं निम्मं लक्ष मागच्या गळक्या नळाकडे होतं. "तू दुरुस्त करणार होतास," त्या भावाला म्हणत होत्या. भाऊ म्हणत होता, "जाऊ दे गं." भावाचं आयुष्य या तीन शब्दांत सामावलेलं होतं. नळ गळला, जाऊ दे गं. यंत्र अडकलं, जाऊ दे गं. हाताखाली आठवीच्या रांगेतला शेवटचा चेहरा आला. एका मुलीच्या डोळ्यांभोवती, ओठांच्या कोपऱ्यात आणि गळ्यावर पांढरे डाग होते. काकूंचा हात थांबलाही नाही. चार फटक्यांत त्यांनी डाग पुसले, गालाचा रंग ओढून सगळीकडे सारखा केला आणि नळावर परत आल्या.

फोटो वाटले गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी दुकानात आली. दप्तर पाठीवर, फोटो हातात. काउंटरवर तो आपटून म्हणाली, "काकू, ही कोण?"

"कोण म्हणजे?" काकूंनी चष्मा वर केला. "तूच."

"मी?" मुलीनं स्वतःचा चेहरा फोटोच्या शेजारी धरला, ओळखपत्र तपासणाऱ्या शिपायासमोर धरावा तसा. "नीट बघा. परत बघा. ही मी?"

काकूंनी बघितलं. खरं तर त्यांनी तो चेहरा पहिल्यांदाच बघितला. सफाई करताना त्यांनी फक्त डाग बघितले होते.

"अगं, मी सगळ्यांचीच सफाई करते," त्या चिडूनच म्हणाल्या, कारण पेचात सापडल्या की त्यांना चिडणंच जमे. "तुझ्या शेजारच्याचं नाक गळत होतं, ते नाही का पुसलं?"

"त्याचं नाक त्या दिवशी गळत होतं. हा माझा रोजचा चेहरा आहे. तुम्ही त्याची घाण पुसलीत. माझी घाण नव्हती, काकू."

यंत्रामागून भाऊ म्हणाला, "जाऊ दे गं बाळ," आणि दोघींनीही त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली वाकून उगाच कागद मोजू लागला.

तेवढ्यात धापा टाकत मुलीची आई आली. बाई गोड, हसरी, कपाळावर घामाचे थेंब. "इथे आलीस होय! अहो, तुमचे आभार मानायला मीच येणार होते. किती सुंदर काढलात! हा मोठा करून द्या, बाहेरच्या खोलीत लावायचाय. एकही डाग दिसत नाही हो!"

"आई," मुलगी म्हणाली, "मीपण दिसत नाहीये."

आईनं मुलीला जवळ ओढलं. मग हळू आवाजात, जणू दुकानाच्या भिंतींनाही कळू नये अशा, म्हणाली, "घरात तरी असू दे ना एक फोटो. येणारे-जाणारे विचारतात."

"विचारू देत. मी आहेच की घरात. मला विचारू देत."

मग त्या पोरीनं जे सांगितलं त्यानं काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत गोल करून हात धरायचा खेळ असला की तिच्या दोन्ही बाजूंचे फक्त करंगळी पुढे करतात. मुलं तिला 'नकाशा' म्हणतात. ते तिला तितकंसं लागत नाही, ती उलट बोलते. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, उपाय काढला तो जास्त लागतो. रोज एका मुलानं तिच्या शेजारी बसायचं. बसेल त्याला 'दयाळू मित्र' म्हणून तक्त्यावर चांदणी. "माझ्या शेजारी बसलं की चांदणी मिळते," मुलगी म्हणाली. "झुरळाला हात लावला की मिळते ना पैजेत, तसं. मधल्या सुट्टीत हिशोब करतात, कुणाच्या किती झाल्या. ज्याच्या कमी आहेत तो माझ्याकडे धावत येतो."

हनुवटीकाकू पायरी उतरून रस्त्यावर आल्या. हात कमरेवर गेले. समोर कात्री थांबली. पण तोंडातून काही फुटेना. कुणावर ओरडणार? सफाई तर त्यांनीच केली होती.

"काय हो," केस कापणाऱ्यानं विचारलं, "आज आवाज बसला का?"

"तुम्ही कापा," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मोठा फोटो त्यांनी करून दिला नाही. आईला म्हणाल्या, यंत्र बिघडलंय. यंत्र मागे धडधडत होतं.

त्यानंतर मोठ्या बाई स्वतः दुकानात आल्या. मोठ्या बाई म्हणजे मधात बुडवून काढलेला आवाज. प्रत्येक वाक्यात 'प्रेमानं'. पोरांना बाहेर उभं करतानाही म्हणत, "प्रेमानं सांगते बाळा, वर्गाबाहेर हो." त्यामुळे शाळेत प्रेमानं हा शब्द ऐकला की पोरं आपोआप कान झाकत.

"आपला आरोग्य जागृती आणि दयाळूपणा सप्ताह आहे सोमवारपासून," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाहेरून पाहुणे येणारेत. डॉक्टर बोलणारेत. दाराशीच मोठं पोस्टर लावायचंय. वर लिहायचं, 'कोड संसर्गजन्य नाही. स्पर्शानं पसरत नाही. प्रेमानं हात धरा.' आणि खाली आठवीचा फोटो. सगळी मुलं, मध्ये खुर्चीत मी. त्या मुलीला तेवढं कडेवरून उचलून माझ्या शेजारी सरकवा. संगणकावर होतं ना ते?"

"होतं," काकू म्हणाल्या. इथपर्यंत त्यांना बरं वाटत होतं. "मग मी तिचा मूळ चेहरा घालते परत."

"अहो नाही, नाही! चेहरा आहे तसाच असू दे. तुम्ही केलाय तसा. किती छान केलाय."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मोठ्या बाई, पोस्टर कोडाचं आहे ना?"

"हो."

"मग कोड कुठंय त्यात?"

"शब्दांत आहे ना," मोठ्या बाई प्रेमानं म्हणाल्या. "दाखवायला कशाला हवं? लोक बघतात, बोट दाखवतात. आपण तिचं भलंच बघतोय. आणि पाहुण्यांनाही दारातच कसं वाटेल?"

"कोड नसलेल्या पोरीकडे बोट दाखवून सांगायचं, घाबरू नका, हिला कोड आहे?"

"तुम्ही शब्द फार कडक वापरता हो. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवा."

मोठ्या बाई गेल्या. हनुवटीकाकू बाहेर आल्या, आणि या वेळी आवाज फुटला. गल्लीत तो इतका फुटला की वरच्या मजल्यावरची बाई वाळत घातलेले कपडे तसेच टाकून कठड्याशी आली. "पुसायचं! सगळं पुसायचं! पोरगी पुसायची आणि वर लिहायचं प्रेमानं हात धरा! कशाचा हात धरू? पुसलेल्या हाताचा? रबर द्या मोठ्या बाईंना, अख्खी शाळा खोडत बसतील! चांदण्या वाटतात! चांदण्या!"

"जाऊ दे गं," आतून आवाज आला.

"तू जा!" काकू दाराकडे वळून ओरडल्या. "तूच जा कुठेतरी! तो नळ दुरुस्त करायला जा!"

आणि भाऊ खरोखर पाना घेऊन नळाकडे गेला.

रागाच्या भरात काकूंनी आठवीचा मूळ फोटो काढला, अजिबात सफाई न केलेला. नाकं गळत असलेली, मुरुमं पिकलेली, एकाचे डोळे मिटलेले, मोठ्या बाईंच्या भांगात रंगाखाली पांढरी रेघ, हनुवटीखाली दुसरी हनुवटी. आणि कडेला ती मुलगी, डोळ्यांभोवतीच्या पांढऱ्या कड्यांतून सरळ कॅमेऱ्यात बघणारी. छपाईच्या यंत्रात मावेल तेवढा मोठा त्यांनी तो छापला आणि दुकानाच्या काचेवर बाहेरून दिसेल असा चिकटवला. सगळी शाळा याच रस्त्यानं जाते. बघू देत आता. काकूंना बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

सकाळी शटर वर करतात तो मुलगी काचेसमोर उभी. काकू हसतच पायरी उतरल्या. पोर गळ्यातच पडेल असं त्यांना वाटलं असावं.

"हा कुणाला विचारून लावलात?"

काकूंचं हसू तसंच अर्धवट राहिलं. "अगं, तुझ्यासाठीच तर! मोठ्या बाईंशी भांडले मी काल, ठाऊक आहे तुला? तुझ्याचसाठी!"

"मोठ्या बाईही माझ्यासाठीच करतात," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढत नव्हता, म्हणूनच तो जास्त टोचत होता. "आईपण माझ्यासाठीच. चांदण्यापण माझ्यासाठीच. तुम्ही पुसलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. लावलंत तेव्हाही नाही. मला विचारायला काय झालं होतं? मी काय मुकी आहे?"

रस्त्यावर जागा भरपूर होती, पण हनुवटीकाकूंना कमरेवर हात ठेवणं सुचलं नाही. त्यांनी गपचूप नखानं फोटोचे कोपरे सोडवले. कागद फाटू नये म्हणून मुलीनं दुसरी बाजू धरली. दोघी मिळून तो काउंटरवर घेऊन आल्या.

"बोल," काकू म्हणाल्या. "तुला काय पाहिजे? चेहरा पुसलेला, न पुसलेला, की मुळीच नको? तू म्हणशील ते."

मुलगी फोटोवर वाकली. मग तिचं बोट मोठ्या बाईंच्या भांगावर गेलं. "हे खरंय? बाईंचे केस असे आहेत?"

"दरवर्षी मीच बुजवते."

"आणि याचे डोळे मिटलेले?"

"दरवर्षी. अजून एकदाही उघडे सापडले नाहीत."

मुलीला हसू फुटलं. असं फुटलं की तिला स्टुलावर बसावं लागलं, आणि काकूंनाही नाकातून हसू आलं, आणि मागे नळाखालून भाऊ विचारत राहिला, काय झालं, काय झालं गं. मग मुलगी हसणं थांबवून म्हणाली, "मला पोस्टरवर यायचंय. पण हीच मी. आणि मला ढकलून मध्ये नेऊ नका संगणकावर. मी स्वतःच्या पायांनी मध्ये उभी राहीन. फोटो परत काढा."

"मोठ्या बाई ऐकतील?"

"मी येते तुमच्याबरोबर."

मोठ्या बाईंच्या खोलीत काकूंनी न पुसलेला फोटो टेबलावर पसरला. बाईंनी आधी पोरांकडे बघितलंच नाही. माणूस फोटोत आधी स्वतःलाच शोधतो, बाईंनीही शोधलं, आणि त्यांचा मध क्षणात आटला. "हे काय केलंत माझं?"

"काही नाही केलं," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदाच काही केलं नाही."

"अहो, हे असं पाहुण्यांसमोर? माझं तेवढं नीट करा. लगेच."

"का बाई?" मुलीनं विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, खरोखरचा प्रश्न होता. "लोक बोट दाखवतील म्हणून?"

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं. प्रेमानं हा शब्द ओठांपर्यंत येऊन परत गेलेला काकूंना स्पष्ट दिसला.

"मी पोस्टरसाठी उभी राहीन," मुलगी म्हणाली, "पण पुसलेली नाही. तसं लावलंत तर सोमवारी मी येणार नाही. डॉक्टर कुणाबद्दल बोलतील ते तुम्ही बघा. आणि चांदण्या बंद करा. ज्याला बसायचं तो बसेल. नाही बसलं कुणी तर मला पाय पसरायला जागा होईल."

"मुलीनं असं बोललेलं चालतं का तुम्हाला?" मोठ्या बाईंनी काकूंकडे मोर्चा वळवला. "दुसरा फोटोवाला बघावा लागेल मला."

"बघा की. पण सोमवारच्या आत बघा. पुसलेला फोटो माझ्याकडे होता, तो मी आज सकाळी संगणकातून काढून टाकलाय." हे खोटं होतं. दुकानात गेल्या गेल्या काकूंनी ते खरं केलं.

मोठ्या बाई काही विरघळल्या बिरघळल्या नाहीत. पाहुणे ठरलेले, डॉक्टर ठरलेले, दारात पोस्टर हवंच, दुसरा इलाज नव्हता, म्हणून शनिवारी आठवीला पटांगणात बोलावलं. एवढंच. कपाळावर आठ्या घालून त्या मधल्या खुर्चीत येऊन बसल्या. मुलगी त्यांच्या मागे, रांगेच्या अगदी मध्ये. तिच्या डाव्या बाजूचा मुलगा आधी जरा अंतर ठेवून उभा राहिला. काकू कॅमेऱ्यामागून गरजल्या, "ए, मध्ये काय बैलगाडी जाणारे का? सरक!" तो सरकला. कुणी त्याला चांदणी दिली नाही.

आणि मग काकूंनी नवीनच काम काढलं. फोटोआधी त्या प्रत्येकासमोर जाऊन उभ्या राहू लागल्या. "तुझं काय पुसू?"

पोरं आधी गोंधळली, मग त्यांना वाचा फुटली. "हा मुरूम काढा, हा राहू दे, हा छान दिसतो." "काकू, दात बाहेर आलेत ते?" "ते तुझे आहेत, ते राहतील. त्यातला भाजीचा तुकडा काढते." "माझे डोळे मिटले तर?" "तर मिटलेलेच लावीन, आजीला सांग, झोपलो होतो." पटांगणात हसण्याची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. उन्हं तापत होती. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत म्हणत होत्या, "अहो, किती वेळ हा? दरवर्षी पटकन होतं!"

"दरवर्षी विचारत नव्हते," काकू खेकसल्या. "विचारायला वेळ लागतो. बाई, तुमचं काय पुसू?"

आठवीतल्या प्रत्येक पोराचे कान मधल्या खुर्चीकडे लागले. मोठ्या बाईंनी भांगावर हात नेला, मागे उभ्या असलेल्या मुलीची सावली त्यांच्या मांडीवर पडली होती ती बघितली आणि दात आवळून म्हणाल्या, "काही नको. आहे तसं."

"ठीक आहे." काकू मुलीसमोर आल्या. "आणि तुझं गं?"

मुलीनं जीभ दातांवरून फिरवली, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, एखादं गिऱ्हाईक कापड निवडतं तसा विचार केला.

"कपाळावर केस उडतोय वाटतं," ती म्हणाली. "तेवढा पुसा."

हनुवटीकाकूंनी पुढे होऊन तो केस स्वतःच्या बोटांनी मागे सारला. मग कॅमेऱ्याकडे परतल्या, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडल्या, "मधली रांग! हनुवट्या!"